खेळती हवा : हीटर काढलेल्या जुन्या मोटारीच्या निमित्ताने



या स्मृतिव्याख्यानाचे निमंत्रण शाळेने मला दिले, याबद्दल मी प्रारंभीच कृतज्ञता व्यक्त करतो. ज्यांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी विज्ञान शिकवीत, आणि मी आयुष्यभर मराठी भाषा व साहित्य शिकवले. तेव्हा आजचा विषय निवडताना मी त्यांच्याच अंगणात पाऊल ठेवावे, असे ठरवले. एखाद्या यंत्राचे कार्य आपल्या भाषेत, पायरीपायरीने, कोणालाही समजेल असे सांगता येते की नाही, याची ही एक परीक्षा आहे असे समजा.

विषय पाहून काहींना नवल वाटले असेल. जुन्या मोटारीतील हीटर काढून टाकल्यावर आतल्या हवेची व्यवस्था कशी लावावी, हा काय व्याख्यानाचा विषय झाला? परंतु अलीकडे शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांना जुन्या मोटारी जपण्याचा छंद जडला आहे. कोणाकडे आजोबांची फियाट आहे, कोणाकडे अँबेसेडर, तर कोणी परदेशातून आलेली पन्नाससाठ वर्षांपूर्वीची मोटार विकत घेऊन दुरुस्त करीत आहे. परदेशी मोटारींना बहुधा हीटर असतो, आणि बऱ्हाणपूरच्या वैशाखात तो हीटर म्हणजे भट्टीशेजारी ठेवलेली शेगडीच. साहजिकच तो काढला जातो. तो काढणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. मात्र त्याच्या जागी काय उरते याचा विचार क्वचितच होतो, आणि त्या अविचाराची किंमत आत बसणाऱ्यांच्या श्वासाला मोजावी लागू शकते.

हीटर नेमके काय करतो

पेट्रोल जळून निर्माण होणाऱ्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव हिस्सा चाके फिरवण्याच्या कामी येतो. उरलेली बरीचशी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने धुराबरोबर आणि इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्याबरोबर निघून जाते. हे तापलेले पाणी पुढच्या रेडिएटरमध्ये थंड होऊन परत येते. हीटरची युक्ती एवढीच, की या गरम पाण्यातले थोडे पाणी दोन रबरी नळ्यांनी वळवून डॅशबोर्डामागच्या एका लहानशा रेडिएटरमध्ये आणायचे आणि त्याच्या जाळीतून हवा फुंकायची. जाळीतून गेलेली हवा तापते आणि पायांकडे व पुढच्या काचेकडे जाते.

आपल्या गावाला ही कल्पना नवी नाही. येथील शाही किल्ल्यातील हमाम आपण सर्वांनी पाहिला आहे. गरम व थंड पाणी खेळवून स्नानाची जागा हवी तशी उबदार ठेवण्याची योजना मोगलकाळात येथे अस्तित्वात होती. मोटारीचा हीटर हा त्या हमामाचा अगदी चिमुकला वंशज म्हणता येईल.

प्रारंभीचे पुष्कळसे हीटर आतलीच हवा पुनःपुन्हा तापवीत असत. अमेरिकेतील नॅश कंपनीने १९३८ साली निराळी रचना आणली. बाहेरची ताजी हवा आत घ्यायची, ती तापवायची, आणि तिच्या योगे आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित अधिक ठेवायचा, म्हणजे फटींतून धूळ व थंड वारा आत शिरत नाही. पुढे ही पद्धत सार्वत्रिक झाली. आपल्या विषयाची गुरुकिल्ली याच गोष्टीत आहे. नंतरच्या मोटारींत हीटरची पेटी ही केवळ ऊब देणारी वस्तू राहिली नाही. ताजी हवा आत आणण्याचा दरवाजा, काचेवरचे धुके पुसणारा हात आणि इंजिनाकडील भिंतीचे भोक बुजवणारे बूच, अशी तीन कामे तिच्याकडे आली. पेटी काढली की ऊब जाते, आणि तिच्याबरोबर ही तिन्ही कामेही जातात.

आपल्या देशात तयार झालेल्या मोटारींची गोष्ट थोडी वेगळी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. पुढे फियाट कंपनीशी करार होऊन कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० आणि तिचेच पुढचे रूप असलेली पद्मिनी बाहेर पडू लागली. तिकडे उत्तरपाड्याच्या कारखान्यातून २०१४ सालापर्यंत अँबेसेडर निघत होती. हवामान लक्षात घेता आपल्याकडील बहुतेक गाड्यांना हीटर नसे. त्या गाड्यांची भिस्त पुढच्या दारातील लहान त्रिकोणी काचेवर होती. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीत बसलेल्यांना ती आठवत असेल. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या टॅक्सीने मुंबईच्या रस्त्यांचा निरोप घेतला, आणि तिच्याबरोबर हवेचे एक साधे, बिनखर्चाचे शास्त्रही बहुतेकांच्या नजरेआड झाले. त्या काचेकडे आपण पुन्हा येणार आहोत.

हवा, वारा आणि वातायन

भाषेच्या माणसाला येथे क्षणभर थांबू द्या, कारण शब्दांनीच या विषयाचा अर्धा उलगडा केलेला आहे. आपण ‘हवा कोंडली’ म्हणतो आणि ‘वारा सुटला’ म्हणतो. हवा असते, वारा वाहतो. घर चांगले असेल तर आपण म्हणतो, ‘येथे हवा खेळती आहे.’ खेळती हवा म्हणजे जिला येण्याची वाट आहे आणि जाण्याचीही वाट आहे अशी हवा. जिला केवळ येण्याची वाट आहे ती खेळू शकत नाही. ती दाराशी अडून राहते.

संस्कृतात खिडकीला ‘वातायन’ म्हणतात. वात म्हणजे वारा आणि अयन म्हणजे जाण्याचा मार्ग. इंग्रजीतील ‘विंडो’ हा शब्दही प्राचीन नॉर्स भाषेतील ‘वाऱ्याचा डोळा’ अशा अर्थाच्या शब्दापासून आलेला आहे. इतक्या दूरच्या दोन समाजांनी खिडकीला प्रकाशावरून नाव न देता वाऱ्यावरून दिले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. मोटारीची खिडकी मात्र आपण पाहण्यासाठी आहे असे समजतो, आणि वाऱ्याचा हिशेब विसरतो.

वाऱ्याचा दाब कोठे असतो

मोटार धावू लागली की तिच्याभोवतीची हवा सर्वत्र सारखी राहत नाही. समोरच्या जाळीवर आणि पुढच्या काचेच्या बुडाशी, जेथे बॉनेट संपते तेथे, हवा अडते व तिचा दाब वाढतो. दारांच्या काचांवरून ती वेगाने सरकते, म्हणून तेथे दाब कमी होतो. गाडीच्या पाठीमागे तर हवेचा एक भोवरा तयार होतो आणि तेथेही दाब कमी असतो.

हा दाब किती? ताशी ३० किलोमीटर वेगाला अडलेल्या हवेचा दाब पाण्याच्या सुमारे ४ मिलिमीटर उंचीइतका असतो. वेग दुप्पट, म्हणजे ताशी ६० किलोमीटर झाला, की तो दुप्पट न होता चौपट होतो, म्हणजे सुमारे १७ मिलिमीटर. शाळेत शिकलेला वेगाच्या वर्गाचा नियम तो हाच. यावरून दोन गोष्टी निघतात. महामार्गावर हवा आपण होऊन आत येईल; तिला फक्त वाट हवी. शहराच्या गर्दीत, गांधी चौकासारख्या ठिकाणी मुंगीच्या पावलाने सरकताना, तो दाब जवळपास शून्य होईल, आणि तेथे पंख्यावाचून गत्यंतर नाही.

हवा आत घेण्याची उत्तम जागा पुढच्या काचेच्या बुडाशी, आणि बाहेर सोडण्याची उत्तम जागा मागच्या बाजूच्या खांबाजवळ, हे यावरून लक्षात येईल. इंग्लंडमधील फोर्ड कंपनीने १९६४ सालच्या अखेरीस आपल्या कॉर्टिना मोटारीत नेमके हेच केले. डॅशबोर्डाच्या दोन्ही टोकांना हवेची तोंडे आणि मागच्या खांबांवर हवा बाहेर जाण्याच्या झडपा अशी ती रचना होती. ‘एरोफ्लो’ या नावाने ती प्रसिद्ध झाली. काचा बंद ठेवूनही हवा खेळती राहू लागली, आणि पुढे जवळपास सर्वच कंपन्यांनी हे तत्त्व स्वीकारले.

पेटी निघाल्यावर उरणाऱ्या चार जागा

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. हीटर काढल्यावर चार जागा उघड्या राहतात आणि प्रत्येकीची निरगत वेगळी आहे.

पहिली जागा पाण्याच्या नळ्यांची. इंजिनाकडून हीटरकडे जाणारी आणि परत येणारी अशी दोन तोंडे मोकळी होतात. काही इंजिनांत थर्मोस्टॅट बंद असताना पाणी फिरते राहावे म्हणून हीटरचाच मार्ग वापरलेला असतो. तेथे दोन्ही तोंडे बुजवली तर इंजिनाच्या माथ्यातील पाणी एका जागी उकळू शकते. म्हणून त्या गाडीचे दुरुस्ती पुस्तक पाहून निर्णय घ्यावा. अशा इंजिनात दोन्ही तोंडे एकाच रबरी नळीने जोडून पाण्याचा फेरा कायम ठेवावा. नंतर पाणी भरताना आत अडकलेली हवा काढून टाकावी. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चढावर इंजिन तापले तर हीटर पूर्ण सोडून उष्णता कमी करण्याची जुन्या चालकांची युक्ती आता उपलब्ध राहत नाही. असीरगडाजवळचा चढ मे महिन्यात चढणाऱ्याने मूळ रेडिएटर स्वच्छ व सुस्थितीत ठेवला पाहिजे.

दुसरी जागा भिंतीची. इंजिन आणि बैठक यांच्यामध्ये जो पत्र्याचा पडदा असतो, ज्याला कारागीर फायरवॉल म्हणतात, त्यात नळ्यांची, तारांची, स्क्रूंची आणि कधी कधी वीतभर लांबीची भोके मोकळी होतात. ही सर्वांत धोक्याची जागा होय.

तिसरी जागा काचेच्या बुडाशी असलेल्या हवेच्या तोंडाची. पूर्वी येथून आलेली हवा पेटीत जात असे आणि तिच्याबरोबर आलेले पावसाचे पाणी खालच्या नळीने बाहेर पडत असे. आता हवा आणि पाणी दोन्ही थेट पायांवर येतील.

चौथी जागा पुढच्या काचेखालच्या फटींची. त्यांच्यातून येणारी हवा थांबते, आणि पावसाळ्यात काच आंधळी होते.

जर्मनीच्या फोक्सवॅगन बीटलमध्ये प्रकार आणखी निराळा आहे. तिचे इंजिन हवेने थंड होते आणि तिचा हीटर धुराच्या नळीभोवतीच्या वेष्टनातून हवा तापवतो. ते वेष्टन काढले तर पंख्याच्या आवरणावरची हवेची तोंडे बुजवावी लागतात, नाहीतर इंजिनाला थंड करणारी हवा वाटेतच निसटते. एकाच ‘हीटर’ या शब्दाखाली किती वेगळ्या रचना असतात, हे यावरून दिसेल.

एक अनुभव

दुसऱ्या जागेविषयी मी इतक्या आग्रहाने का बोलतो, ते सांगतो. माझ्या थोरल्या बंधूंनी इंग्लंडहून परतताना एक लहान मोटार आणली होती; पुढे ती माझ्याकडे आली. तिच्या हीटरची झडप नीट बंद होत नसे, म्हणून १९९८च्या उन्हाळ्यात तो एका कारखान्यातून काढून घेतला. काम स्वच्छ दिसत होते. डॅशबोर्डाखाली नवा गालिचा लावलेला होता. त्यानंतर आम्ही खंडव्याला निघालो. उन्हाची धग नको म्हणून पुढच्या काचा बंद ठेवल्या होत्या आणि मागची एक काच थोडी उघडी होती. असीरगड ओलांडेपर्यंत सौभाग्यवतींचे डोके ठणकू लागले, आणि मागे बसलेली माझी पुतणी, जी एरवी क्षणभर गप्प बसत नसे, ती पेंगू लागली. ऊन लागले असावे असे प्रथम वाटले. गाडी झाडाखाली थांबवून सर्वजण उतरलो. पाऊण तासात दोघींनाही बरे वाटले, आणि सावलीपेक्षा मोकळ्या हवेचा हा गुण असावा, अशी शंका मनात आली. उरलेला प्रवास सर्व काचा उघड्या टाकून केला. खंडव्यात डॉक्टरांना दाखवले, आणि गाडीही तपासून घेतली. गालिच्यामागे नळ्यांची दोन्ही भोके तशीच उघडी होती आणि इंजिनावरील धुराच्या नळीचे गॅस्केट फुटलेले होते.

काय घडले होते ते आता सांगता येईल. मागची एकच काच उघडी असल्याने आतली हवा तेथून ओढली जात होती. तिची जागा घेण्यासाठी हवा जेथून मिळेल तेथून येत होती, आणि सर्वांत मोकळी वाट इंजिनाकडची होती. त्या वाटेने धूर येत होता. धुरातील कार्बन मोनॉक्साइड या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने या वायूला धरून ठेवते. डोकेदुखी, मळमळ, चक्कर, झोप ही त्याची चिन्हे. आणि शेवटचे चिन्ह असे, की ज्याला उठून बाहेर पडायला हवे त्याच्या अंगात उठण्याचे भानच राहत नाही. आपल्या देशात नव्या पेट्रोल मोटारींना धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर १९९५ साली चार महानगरांत प्रथम आवश्यक झाले. त्यापूर्वीच्या मोटारींत ते नाही, आणि त्यांच्या धुरात हा वायू पुष्कळ प्रमाणात असतो. अशी चिन्हे दिसताच गाडी थांबवून सर्वांना मोकळ्या हवेत न्यावे, आणि विलंब न करता दवाखाना गाठावा.

येण्याची वाट आणि जाण्याची वाट

तेव्हा व्यवस्थेचा पहिला नियम : आधी भिंत बंद करा, मग खिडकी उघडा. मोठ्या भोकावर मूळ पत्र्याइतक्या जाडीचा पत्रा कापून, मध्ये गॅस्केट घालून, स्क्रूंनी बसवावा. केवळ चिकटपट्टी किंवा फोम इंजिनाच्या उष्णतेला टिकत नाही. तारा जेथून जातात तेथे रबरी ग्रोमेट बसवावे आणि फटी उष्णता सोसणाऱ्या सीलंटने भराव्यात. गिअरच्या दांड्याचे आणि पेडलांचे रबरी बूट, मागच्या डिकीच्या झाकणाचे रबर, जमिनीतील गंजलेली भोके, या सर्वांची तपासणी याच वेळी करावी. भिंतीवर आतून अस्तर लावायचे तर पाणी न शोषणारे घ्यावे. जुना नमदा ओला राहतो आणि पत्रा गंजवतो. जुन्या गाडीतील मूळ उष्णतारोधक तक्त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून ते कोरडे खरवडू नयेत.

दुसरा नियम : आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी अधिक असावी, म्हणजे फटींतून जे काही वाहील ते आतून बाहेर वाहील. यासाठी काचेच्या बुडाशी असलेले मूळ तोंड बुजवू नये. हीटरच्या जागी तशाच मापाची एक रिकामी पेटी करून घ्यावी. तिच्या तळाशी पाण्याचा निचरा, पुढे बंद करता येणारी झडप, आत पंखा, आणि तिच्यातून एक नळी पायांकडे व एक काचेखालच्या मूळ फटींकडे. हीटरची मूळ पेटी सुस्थितीत असेल तर तिच्यातील फक्त पाण्याची जाळी काढून तीच पेटी परत बसवणे सर्वांत सोपे. ऊब जाते आणि वाट कायम राहते.

पंख्याविषयी दोन शब्द. ६० वॅटचा पंखा १२ व्होल्टवर ५ अँपियर वीज घेतो. जुन्या डायनॅमोला मंद गतीत एवढा भार जड जातो, म्हणून पंखा गरजेपुरता लावावा आणि त्याला स्वतंत्र फ्यूज द्यावा. जुन्या अनेक इंग्लिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक शरीराला जोडलेले असते. अशा गाडीत आजचा पंखा नेहमीप्रमाणे जोडला तर तो उलटा फिरतो. आवाज येतो, वारा येत नाही.

बाहेर जाण्याच्या वाटेसाठी जुन्या गाडीचा पत्रा कापण्याची गरज नाही. येथेच त्रिकोणी काच उपयोगी पडते. तिची मागची कड थोडी बाहेर काढली की तिच्यामागे दाब कमी होतो आणि आतली हवा ओढली जाते. तीच काच पूर्ण उलटी वळवली की बाहेरचा वारा अडून आत येतो. एकाच काचेत आगमन आणि निर्गमन दोन्ही आहेत. फरक केवळ कोनाचा. पुढून हवा येत असताना मागच्या दारांच्या काचा बोटभर खाली ठेवाव्यात. पुढचे सारे बंद ठेवून केवळ मागची काच किंवा डिकी उघडी ठेवून कधीही गाडी चालवू नये, कारण पाठीमागच्या भोवऱ्यातला धूर तेथून आत ओढला जातो.

येथे कुंडी भंडाऱ्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. सतराव्या शतकाच्या प्रारंभी, अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी भूमिगत मार्गाने शहरात आणले गेले. युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत २०२४ साली त्याचा समावेश झाला. त्या बोगद्यावर थोड्या थोड्या अंतराने उभ्या कुंड्या आहेत. अशा भूमिगत कालव्यांत या उभ्या विहिरींतून खोदकामाची माती वर येते, आत काम करणाऱ्याला हवा मिळते आणि पुढे सफाईसाठी उतरता येते. पाण्याची वाट आखताना हवेची वाटही आखावी लागते, हे त्या कारागिरांनी जाणले होते. मोटारीत पाण्याची वाट काढून टाकताना हवेची वाट विसरणाऱ्याने एकदा त्या कुंडीत उतरून पाहावे.

पावसाळा आणि उन्हाळा

आपल्याकडे थंडी बेताची, म्हणून हीटर गेल्याचे खरे दुःख पावसाळ्यात कळते. गाडीतील प्रत्येक माणसाच्या श्वासातून व घामातून तासाला तीनचार तोळे पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. बाहेर पावसाने काच गार झालेली असते. तिच्यावर ही वाफ दवाप्रमाणे धरते. उपाय दोनच : वाफ बाहेर घालवणे आणि काचेवरून हवा सरकती ठेवणे. काचेखालच्या फटींतून पंख्याने फुंकलेली बाहेरची हवा गरम नसली तरी हे काम बऱ्याच अंशी करते. काच आतून स्वच्छ असणेही तितकेच महत्त्वाचे, कारण तेलकट काचेवर वाफ लवकर दिसू लागते. ओले गालिचे, ओल्या छत्र्या आत ठेवू नयेत. डोंगरी भागात, पचमढीसारख्या ठिकाणी हिवाळ्यात जाणाऱ्याने मात्र हीटर कायमचा काढण्यापूर्वी पुन्हा विचार करावा.

उन्हाळ्याचा हिशेब वेगळा. आपल्या त्वचेचे तापमान साधारण ३५ अंशांच्या आसपास असते. बाहेर ४३ अंश असताना अंगावर येणारा वारा स्वतः थंड करीत नाही. उलट तो उष्णता देतो. थंडावा मिळतो तो घाम वाळल्यामुळे. म्हणून तापी खोऱ्याच्या कोरड्या उन्हाळ्यात खेळती हवा सुखावते, परंतु शरीरातील पाणीही तितक्याच वेगाने नेते. पाण्याची सुरई गाडीत असलीच पाहिजे. वाळ्याचे ताटे ओले करून खिडकीला लावण्याची आपली जुनी रीत याच तत्त्वावर चालते, आणि अमेरिकेच्या वाळवंटी भागातील लोकही एके काळी मोटारीच्या खिडकीला पाण्याचा असाच कूलर टांगीत. ही युक्ती ज्येष्ठात चालते, आषाढात नाही. कारण दमट हवेत पाणी वाळत नाही.

घरच्या घरी परीक्षा

काम झाल्यावर ते तपासण्यास मोठी साधने लागत नाहीत. रात्री इंजिनाच्या जागेत प्रखर दिवा ठेवावा आणि आत अंधारात बसून भिंतीकडे पाहावे. जेथे प्रकाशाचा ठिपका दिसेल तेथे फट आहे. इंजिन बंद ठेवून, गाडी उभी असताना, पंखा लावावा आणि उदबत्तीचा धूर कोणत्या वाटेने जातो ते पाहावे. दाराच्या रबरात कागदाचा कपटा धरून दार लावावे व तो ओढावा. सहज निसटला तर रबर बदलावे. हल्ली बॅटरीवर चालणारे, कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे लहान यंत्र मिळते. जुनी मोटार बाळगणाऱ्याने दोन चकचकीत आरसे कमी घ्यावेत, पण हे यंत्र घ्यावे. आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून कोणतीही परीक्षा करू नये.

शेवटी एक सूचना. २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या वाहनांच्या नोंदणीसाठी जे नियम केले, त्यांत ५० वर्षांहून जुने आणि मूळ स्वरूपात राखलेले वाहन ‘व्हिंटेज’ मानले आहे. म्हणून काढलेला हीटर भंगारात घालू नये. त्याच्या जाळीतील पाणी काढून, कोरडी करून, नळ्यांची तोंडे बांधून, स्क्रू एका पिशवीत घालून, सर्व जपून ठेवावे. मूळ पत्र्याला नवे भोक पाडण्याऐवजी जुन्या भोकांचाच उपयोग करावा. पुढच्या पिढीतील कोणाला ती मोटार पूर्ववत करावीशी वाटली, तर तिला ती संधी असावी. जुन्या हस्तलिखितावर काम करताना आम्ही संशोधक मूळ पाठ खोडत नाही. दुरुस्ती शेजारी लिहितो. मोटारीच्या बाबतीतही ही शिस्त उपयोगी आहे.

श्रोतेहो, कोणतीही वस्तू काढून टाकण्यापूर्वी ती कोणकोणती कामे करीत होती याची यादी करावी, एवढेच मला आज सांगायचे होते. जी कामे नकोत ती जाऊ द्यावीत. जी हवीत त्यांना नवी वाट करून द्यावी. सभागृहात ज्यांच्याकडे जुनी मोटार आहे त्यांनी आज घरी गेल्यावर डॅशबोर्डाखालचा गालिचा उचलून एकदा पाहावे. भिंत बंद असेल तर समाधानाने झोपावे, आणि नसेल तर उद्या गाडी बाहेर काढण्यापूर्वी ती बंद करून घ्यावी.